वरची ओळ

केशोरी,
१२ ऑक्टोबर २००९

रश्मी यांस सप्रेम जयभीम.

आज सकाळी कालव्याचे या हंगामातले शेवटचे पाणी बंद केले. इटियाडोह धरणाचे पाणी यंदा टोकाच्या गावापर्यंत पोचले, त्यामुळे तक्रारी कमी आल्या. साहेबांना तसा अहवाल दिला. दुपारी अर्जुनीला जाऊन प्रफुल्लचे कागद तुमच्या मुंबईच्या पत्त्यावर कुरिअर केले. हे पत्र मात्र टपालाने पाठवतो आहे, म्हणजे कागद आधी पोचतील.

ऑगस्टमध्ये प्रफुल्ल गेला तेव्हा तुम्ही आलात आणि त्याच संध्याकाळी परत गेलात. आई जे बोलली ते चार लोकांसमोर बोलली. 'पोरगा गेल्यावर आली. आता कायले आली?' तुम्ही पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही थांबला नाहीत. त्यात तुमची चूक होती असे मी म्हणत नाही. नंतर दोनदा फोन लावला, पण तुम्ही उचलायच्या आत बंद केला. मला फोनवर बोलता येत नाही. शिवाय मी तुमचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्नानंतर इतक्या वर्षांत आपण दोघे जेवण झाले का, गाडी किती वाजता आहे, याच्यापुढे काही बोललो असू असे मला आठवत नाही. म्हणून लिहितो.

प्रफुल्ल जूनमध्ये इथे आला तो उमेंद्रच्या सिनेमाचे काम घेऊन. उमेंद्र, त्याचा गोंदियाच्या कॉलेजातला मित्र, तुम्ही ओळखता. बाकी सिनेमाचे संगीत झाले आहे. शेवटची सहा मिनिटे राहिली. एक बाई धानाच्या बांध्यांमधून चालत सडकेपर्यंत येते, कोणी बोलत नाही, फक्त संगीत. त्यासाठी प्रफुल्लने कागदावर कच्चा आराखडा केला आहे. इथे लाइट जाते म्हणून कॉम्प्युटरवर कमी आणि पेन्सिलीने जास्त. स्वरांच्या चार ओळी आहेत. त्यातून चाळीस वाद्ये कशी काढायची ते मला माहीत नाही. आधीच्या दोन्ही सिनेमांत तो आराखडा करायचा आणि कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते तुम्ही ठरवायचा, असे त्याने सांगितले होते. या वेळी दोन्ही कामे तो एकटाच करत होता. तुमचे वेगळे राहणे का सुरू झाले ते मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही.

उमेंद्रचा फोन आला होता. म्हणाला, 'भैया, मैं तो रुक जाऊँ, पण प्रोड्यूसर नाही रुकणार. फरवरीपर्यंत पूर्ण नाही झालं तर दुसऱ्याचं म्युझिक टाकावं लागेल.' तुमच्याशिवाय प्रफुल्लचे अक्षर कोणाला लागत नाही, हेही तोच म्हणाला.

आणखी एक. चौथ्या मिनिटाला वरच्या ओळीत जी चाल येते ती आईची आहे. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या वेळी बाया म्हणतात त्यातली. जुलैमध्ये त्याने आईला ओट्यावर बसवून म्हणायला लावली, मोबाइलमध्ये घेतली आणि म्हणाला, 'आई, तुहं गाणं सिनेमात टाकतो.' तिने ते सगळ्या मोहल्ल्यात सांगितले आहे. तो गेल्यापासून ती एवढीच एक गोष्ट विचारते, गाणे सिनेमात येणार ना. बाकी काही मागत नाही.

मी तुम्हाला लिहितो आहे हे तिला अजून माहीत नाही.

आपला,
रत्नपाल


केशोरी,
९ नोव्हेंबर २००९

रश्मी यांस जयभीम.

तुमचे पत्र मिळाले. काम घेतलेत, बरे वाटले. धान कापणीला आला आहे. मजूर मिळत नाहीत, म्हणून रविवारी मीच विळा घेऊन गेलो. पाठ धरली आहे.

तुम्ही लिहिले आहे ते मी दोनदा वाचले. पहिल्या मिनिटापासूनच सगळे वाजते, म्हणून पुढे वाढायला जागा राहत नाही. मधल्या दोन ओळी एकमेकींच्या फार जवळ आहेत, तिथे चिखल होतो. आधी प्रत्येक ओळ एकेका वाद्यावर ऐकायची, ज्याच्याशिवाय चालते ते काढायचे, आणि मगच वाटणी करायची. मला हे आमच्या कालव्यासारखे वाटले. वरच्या गावांनी सगळी दारे उघडली की टोकाला पाणी पोचत नाही. बरोबर आहे का ते कळवा.

आईच्या चालीवर त्याने इंग्रजी अक्षरांत kaun आणि प्रश्नचिन्ह लिहिले आहे, ते तुम्हाला 'कौन' असे वाटले. म्हणजे ती कोणी वाजवायची हे त्याचे ठरले नव्हते. त्याच्या मनात कोणते वाद्य होते, असे तुम्ही विचारले आहे. त्याबद्दल मला काही सांगता येणार नाही. बासरी लावून पाहा.

तुम्ही काम करता आहात हे आईला सांगितले. ती उठून आत गेली. पण नंतर शेजारच्या पुष्पाबाई आल्या तेव्हा ऐकू आले.

'का वो अंजनाबाई, तुहं गाणं आता कोण म्हनते सिनेमात?'

'कोनी म्हनत नाही. बाजे वाजोवतेत. चारीस जन.'

'चारीस? तुह्या एका गान्याले?'

'मंग? बँडवाले नोहोत ते. खुर्चीवर बसून वाजोवतेत.'

'आन् तुले का देतेत?'

'का देतीन! माह्या पोराचं काम होय ते.'

पुष्पाबाई गेल्यावर तिने मला विचारले, तिला, म्हणजे तुम्हाला, गाणे नीट ऐकू येईल ना? रोवणीच्या चालीत मध्ये थांबायचे असते, ते तिला माहीत आहे का? मी म्हणालो, माहीत आहे.

रत्नपाल


केशोरी,
२१ डिसेंबर २००९

रश्मी यांस जयभीम.

सीडी मिळाली. खरी वाद्ये नाहीत, कॉम्प्युटरचे आवाज आहेत, हे तुम्ही लिहिले होते म्हणून बरे. आमच्या घरी सीडी लावायची सोय नाही. आईला गाडीवर बसवून अर्जुनीला नेले, टिकारामच्या फोटो स्टुडिओत. तो लग्नाच्या कॅसेट करतो, त्याच्याकडे स्पीकर चांगले आहेत.

सुरुवात फार बदलली आहे. आधी नुसते दोनच आवाज येतात, एक खालचा आणि एक मधला, आणि बराच वेळ तेवढेच. टिकाराम म्हणाला, 'भाऊ, येच्यात गाणं कई सुरू होते?' आई म्हणाली, 'चूप बस ना गा. तुह्या लग्नाची कॅसेट नोहोय.' मग तिसरे वाद्य आले, आणि ते कधी आले ते मला कळलेच नाही. आले तेव्हा ते आधीपासूनच होते असे वाटले. प्रफुल्लने जूनमध्ये मला कीबोर्डवर ऐकवले होते तेव्हा असे नव्हते. तेव्हा मी चांगले आहे म्हणालो होतो, कारण दुसरे काय म्हणायचे ते माहीत नव्हते.

चौथ्या मिनिटाला बासरी आली. आईने डोळे मिटून ऐकले. पूर्ण झाल्यावर म्हणाली, 'चाल माहीच होय. पन हे बिस्कुटाच्या जाहिरातीसारखं काऊन वाटून राहिलं?'

मी म्हणालो, बासरीमुळे असेल.

'मंग तिले सांग, बासरी नको म्हना. दुसरं लाव म्हना.'

दुसऱ्या ट्रॅकवर तुम्ही क्लॅरिनेट लावली आहे आणि तिसऱ्यावर चेलो, ते खालच्या आवाजाचे मोठे व्हायोलिन. आईने तिन्ही ऐकले. टिकारामने मध्येच दोन गिऱ्हाइकांचे पासपोर्ट फोटो काढून घेतले. चेलोला आई म्हणाली, 'हे तं कोनी मेल्यासारखं.'

परत येताना तिने गाडीवर मागून विचारले, 'तिले नीट नाही करता येत का मुद्दाम नाही करून राहिली?' मी म्हणालो, ती नीटच करते आहे. हे तुम्हाला लिहायला नको होते. पण तिने तुमचे नाव न घेता का होईना तुमच्याविषयी बोलायला सुरुवात केली, म्हणून लिहिले.

कालव्याच्या उदाहरणाबद्दल तुम्ही कळवले की तसे नाही. बरे.

रत्नपाल


केशोरी,
१० जानेवारी २०१०

रश्मी यांस जयभीम.

आज रविवार. सकाळी कपडे धुतले, गाडीचे प्लग साफ केले. आई विहारात गेली आहे. ती यायच्या आत हे लिहून संपवतो.

तुम्ही लिहिले आहे की आता चौथे वाद्य लावून पाहणार नाही. चाल चांगली आहे, पण ती आली की बाकीचे सगळे थांबून तिच्याकडे पाहतात, आणि पडद्यावरची बाई चालायची थांबली असे वाटते. कोणाच्याही हातात दिली तरी तेच होते. म्हणून तुम्ही पुन्हा विचारले आहे की 'कौन?' याच्या पुढे प्रफुल्लने कधी काही सांगितले होते का.

ते 'कौन' नाही. आमच्याकडे 'का' ला 'काऊन' म्हणतात. तुम्ही पुण्याच्या, आणि तो तुमच्याशी आमच्या बोलीत बोलत नसणार. मला मेसेज करायचा तोही इंग्रजी अक्षरांत. kaun nahi aala, म्हणजे काऊन नाही आला. आईच्या चालीवर त्याने लिहिले आहे ते, हे इथे का आहे, असे.

मला ते पाहताक्षणी तसेच वाटले होते. पण आमच्याकडे हिंदीही चालते, तेव्हा 'कौन'ही असू शकते, असे मी धरून चाललो. नोव्हेंबरात तुम्हाला सांगता येणार नाही लिहिले ते खरे नव्हते. तुमचे हे पत्र आल्यावर त्याचे जुने दोन आराखडे काढले. ते मी तुम्हाला पाठवले नव्हते, जुने म्हणून. आमच्या कामात एकाच जागेचे जुने-नवे नकाशे शेजारी ठेवून बघतात, तसे ठेवले. मला स्वर वाचता येत नाहीत, पण काय आहे आणि काय नाही एवढे दिसते. जूनच्या कागदावर सुरुवातीला ट्रम्पेट आहे. त्याच्यावर kaun? लिहिले आहे. जुलैच्या कागदावर ते ट्रम्पेट नाही. जूनमध्ये शेवटी घंटा आहे, तिच्यावरही तेच, आणि जुलैत ती नाही. जिथे जिथे त्याने हा शब्द लिहिला, ते पुढच्या वेळी गेले. आईची चाल जुलैत आली. ऑगस्टच्या कागदावर तिच्यावर हा शब्द आला. त्यानंतरचा कागद नाही.

दोन्ही जुन्या कागदांच्या झेरॉक्स सोबत पाठवतो. तुम्हाला वेगळे वाटले तर कळवा. वेगळे वाटावे असे मला वाटते.

आईला मी सांगितलेले नाही. ती रोज विचारते.

रत्नपाल


केशोरी,
२८ जानेवारी २०१०

रश्मी यांस जयभीम.

तुम्हाला वेगळे वाटले नाही. तुम्ही लिहिले आहे की झेरॉक्स पाहिल्यावर तुम्हाला त्याचा आवाजच ऐकू आला. तो स्टुडिओतही स्वतःशी असाच काहीतरी पुटपुटायचा आणि तुम्हाला ते हिंदी वाटायचे. हे मला माहीत नव्हते.

पुढे तुम्ही लिहिले आहे की आईसाठी चाल ठेवायची असेल तर तुम्ही ठेवाल. चेलोवर हळू ठेवता येईल, फार वाईट होणार नाही, आणि सिनेमा पाहणाऱ्यांना काही कळणार नाही. ठरवायचे मी.

हे तुम्ही चांगल्या मनाने लिहिले आहे. पण मला दोन दिवस राग होता. आता नाही.

सोमवारी आईला सांगितले. ती सुपात तांदूळ पाखडत होती. मी म्हणालो, आई, सिनेमातून गाणं निघू शकते.

'तिनं काढलं असन.'

'तिनं नाही. ती ठेवतो म्हणून राहिली. प्रफुल्लच्याच मनात नव्हतं.'

'तुह्या कानात सांगून गेला का तो?'

'कागदावर लिहून ठेवलं त्यानं. काऊन, असं.'

'काऊन म्हनजे?'

'म्हणजे हे येथ काऊन आहे, म्हणून.'

'मीनं म्हनतलं का त्याले टाक म्हनून? तोच तं मांगे लागला. मी चूल सोडून येऊन बसलो ओट्यावर. आन् मंग काऊन म्हनते?'

मी म्हणालो, गाणं वाईट नाही, तिथे बसत नाही. त्याला नंतर तसं वाटलं असेल.

सूप थांबले. 'त्यानं इचारलं काऊन. मी बी इचारतो, काऊन? माहा पोरगा काऊन गेला? देते का कोनी जवाब?'

तिने पुन्हा पाखडायला घेतले. नंतर मी तिला जेवायला बोलावले तेव्हा आली, जेवली, पण माझ्याशी बोलली नाही. अजून कामापुरतेच बोलते. पुष्पाबाईंनी काल विचारले तेव्हा म्हणाली, 'सिनेमा बंद पडला.'

ती ओळ काढा.

सिनेमात संगीताखाली त्याचे नाव येणार आहे. त्याला जे खटकत होते ते त्याच्या नावाखाली ठेवायचे नाही. तो राहता तर चौथा कागद केला असता आणि त्यावर ती ओळ नसती. आईला मग त्यानेच सांगितले असते, आणि ती त्याच्याशीही अशीच अबोला धरून बसली असती, आणि त्याने तिला हसवले असते. मला ते जमत नाही. पण ते आमचे आम्ही पाहू. तुम्ही त्याचा विचार करू नका.

फेब्रुवारीत रेकॉर्डिंग आहे ना? उमेंद्रला मी फोन करून सांगितले आहे की पूर्ण होईल.

रत्नपाल


केशोरी,
१७ नोव्हेंबर २०१०

रश्मी यांस जयभीम.

परवा गोंदियाला गेलो होतो. उमेंद्रने तिथल्या एका सभागृहात सिनेमा दाखवला. तुम्हाला रजा मिळाली नाही असे तो म्हणाला. इथून बस लवकर असते, म्हणून पहाटे उठून मी डबा करत होतो. आईला मी विचारले नव्हते. नऊ-दहा महिने या विषयावर आमच्या घरात शब्द निघालेला नाही. पाहतो तर ती पांढरी साडी नेसून, पिशवी घेऊन ओट्यावर बसलेली. 'चाल. बस जाईन.'

सिनेमा मला बरा वाटला. मधला भाग थोडा लांबला आहे. हे उमेंद्रला सांगू नका.

शेवटची सहा मिनिटे आली. तुम्ही फेब्रुवारीत लिहिले होते की वरची ओळ काढली, पण तिच्याखाली त्याने चेलोंना जे लांब स्वर दिले होते ते तसेच ठेवले, आणि त्यांच्यावर दुसरे काही घातले नाही. मला ते वाचून नीट समजले नव्हते. ऐकताना समजेल असेही वाटत नव्हते. सुरुवातीला दोनच आवाज, मग तिसरा, मग हळूहळू सगळे. खऱ्या चाळीस माणसांनी वाजवलेले आणि कॉम्प्युटरचे, यात फरक आहे एवढे मलाही कळले. बाई चालत होती. मग एके ठिकाणी वरचे सगळे गेले आणि खालचेच राहिले. बाई चालतच राहिली.

आई पुढे वाकली आणि मोठ्याने म्हणाली, 'येथ होतं.'

पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागे वळून पाहिले. मी म्हणालो, हो, इथेच होते.

'समजते,' ती म्हणाली, आणि परत टेकून बसली. मी तिला काही सांगितले नव्हते, रश्मी. चेलोंचे तर मुळीच नाही. तिला ती जागा ओळखू आली.

नंतर प्रफुल्लचे नाव आले. त्याच्याखाली तुमचे. आईला वाचता येत नाही, म्हणून मी दोन्ही वाचून दाखवली. बाहेर उमेंद्र तिच्या पाया पडला. 'काकीजी, कैसी लगी पिक्चर?'

'बाई लय चालली बापा. तिले कोनी सायकलवर डबल सीट नेलं असतं तं का बिघडलं असतं?'

उमेंद्र हसला. तीही हसली. मी तिला हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिले.

येताना बसमध्ये ती नवेगावपर्यंत झोपली. जागी झाल्यावर म्हणाली, 'मुंबईले तांदूळ कसा भेटते?' मी म्हणालो, मिळतो, पण महाग आणि जुना. ती म्हणाली, 'यंदा चिन्नोर चांगला झाला. तिले पाठव.' मी विचारले, कोणाकडून म्हणून पाठवू? 'अंजनाकडून म्हना. आन् कोनाकडून?' तुम्ही यावे की येऊ नये, हे मी लिहीत नाही. तांदूळ पाठवतो आहे, एवढे कळवतो.

आज सुट्टी टाकली आहे. आई उरलेल्या धानाच्या चुरण्यावर, म्हणजे मळणीला, शेतात गेली आहे. तांदूळ काल गिरणीतून आणून पोत्यात भरला. हे पत्र पोत्यात टाकणार नाही, टपालाने पाठवीन. उद्या उमेंद्रचा माणूस गोंदियाहून मुंबईला निघतो, त्याच्याजवळ पोते द्यायचे आहे. दाभण सापडले, सुतळी ओली करून ठेवली आहे. आता पोत्याचे तोंड शिवायला बसतो.

रत्नपाल